भागोजी होडीपासून उठून जातो

बुरोंडीत कुणी जुनी फायबरची होडी घ्यायची म्हटली, की आधी भागोजीला बोलावणं जातं. मुलगी बघायला आल्यासारखा भागोजी उपड्या होडीभोवती फिरतो. मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तळ ठोकत जातो. आवाज टणटणीत आला तर फायबर धड. भद्द आला तर आतले थर सुटलेत, पाणी शिरलंय. पण होडीचा दोष होडीच्या देखत बोलायचा नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. होडी चांगली निघाली तर तो तिथंच टेकून चहा मागतो. खराब निघाली तर उठून सुरूच्या झाडांखाली जातो आणि तिथं काय ते सांगतो. विकणारे त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात. एकाने म्हणे त्याच्या चपला लपवल्या होत्या. भागोजी अनवाणी गेला.

स्वतःच्या होडीला मात्र या गृहस्थाने कधी मूठ लावली नव्हती. बायको हौसा टोमणा मारायची, "गावच्या पोरी बघत फिरता, घरातली कधी बघणार?"

गेल्या मोसमात होडीत पाणी भरलं आणि भागोजी कातळी खडपांजवळ एकटाच अडकला. दुसऱ्या होडीने ओढून आणला म्हणून वाचला. या श्रावणात मुलगा सुजय विरारहून आला तो अट घेऊनच. "होडी धड असेल तर खुशाल जा दर्यावर. नसेल तर दोघांनी विरारला चलायचं. तपासा तुम्हीच बाबा, तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे."

खोटं बोलायचं, हे भागोजीने न्याहारीलाच ठरवलं. विरारच्या त्या खोलीत तो एकदा राहून आला होता. समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघत दिवस काढले होते.

पुढचा तळ टणटणीत वाजला. भागोजीच्या जिवात जीव आला. मग तो इंजिन बसतं त्या मागच्या बाजूला आला. भद्द. पुन्हा भद्द. एक बोल्ट काढला, तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं; फायबरच्या आतल्या फळीचा पार लगदा झाला होता. तिथून मधल्या कण्यापर्यंत सगळं भद्दच. ठिगळ लावायलाही धड जागा उरली नव्हती.

"काय म्हणते होडी, बाबा?"

"काय व्हायचंय तिला? टणटणीत आहे."

तोंडाला त्याने नीट पढवलं होतं. पायांना सांगायचं राहिलं. अनवाणी तळव्यांना सुरूची काटेरी फळं टोचली तेव्हा त्याला कळलं, आपण कुठं येऊन उभे आहोत.

सुजय होडीपाशीच थांबला होता, खाली मान घालून. हौसा चहा घेऊन आली, होडीपाशी न थांबता सरळ झाडांखाली गेली आणि कप नवऱ्याच्या हातात दिला.

"मी चांगली आहे म्हटलं गो," भागोजी म्हणाला.

"ऐकलं मी. हळू बोला," हौसा म्हणाली. "तिला ऐकू जाईल."