वाढप्या झानीस

झानीसला डीकन, म्हणजे चर्चमध्ये पाद्र्याच्या हाताखालचा सेवक, व्हायचं होतं. ग्रीसच्या सीरोस बेटावर डीकनच्या झग्याला केवढा मान! पण त्याची जीभ अडखळायची. बिशपांसमोर प्रार्थना म्हणताना तो पहिल्याच शब्दाला असा अडला, की मागच्या बायका तोंड दाबून हसल्या.

"पोरा, देवाला घाई नसते, पण लोकांना असते," बिशप म्हणाले.

झानीस निमूट परतला आणि मामाच्या कॉफीच्या दुकानात वेटर झाला. तीन दांड्यांना टांगलेलं तबक झुलवत तो पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या चढायचा. थेंबभर सांडायचं नाही.

मग एकोणीसशे एक्केचाळीसचा हिवाळा आला. लढाईमुळे धान्याची जहाजं थांबली. भुकेने माणसं रस्त्यात कोसळू लागली. चर्चच्या अंगणात घेवड्याचं पातळ कालवण शिजायचं, त्यासाठी वाडगे घेऊन रांग लागायची. त्या रांगेत त्याच्या शाळेतल्या एफ्रोसिनीबाई कधीच दिसल्या नाहीत. त्यांच्या धुराड्यातून तीन दिवस धूर नव्हता.

"जे-जेवलात का, बाई?" त्याने दारातून विचारलं.

"जेवले. तू तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने रांगेतून आणलेला कालवणाचा वाडगा तबकात ठेवला, वर फडकं टाकलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडला, "बाई, तु-तुमची कॉफी!"

"चैन आहे बुवा बाईंची!" शेजारीण खिडकीतून म्हणाली.

बाईंनी आत नेऊन फडकं उचललं. अर्धा वाडगा संपल्यावर म्हणाल्या, "झालास की रे डीकन!"

"मस्करी करता होय?"

"नाही रे. डीकन हा शब्द आला दियाकोनोसवरून, आणि दियाकोनोस म्हणजे मुळात वाढप्या. जेवायला बसलेल्यांना वाढणारा. झगा मागाहून आला."

"म-मग मामाही डीकनच!"

"तो कॉफीत पाणी घालतो. त्याचं नाव काढू नकोस!"

त्या हिवाळ्यात दोघंही पहिल्यांदाच हसले.

वसंतापर्यंत अशी नऊ घरं झाली. त्यातली दोन दारं पुढे उघडलीच नाहीत. लढाई संपली, पण ज्यांना त्याने जगवलं तेच लोक तो समोरून आला की रस्ता बदलू लागले. झानीसला ते फार लागलं.

"उपकार विसरलेत असं समजू नकोस," बाई म्हणाल्या. "तू त्यांना भुकेलं पाहिलंस ना, त्याची लाज वाटते त्यांना."

बाई जाऊन आता वीस वर्षं झाली. म्हातारा झानीस धक्क्यावर उन्हाला बसतो, तेव्हा त्याला तरुणपणातलं दुसरं काही आठवत नाही. आठवतं ते बाईंचं डुगडुगणारं टेबल. त्या हिवाळ्यात, दुसऱ्या आठवड्यापासून त्या अर्धा वाडगा बाजूला काढायच्या आणि त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवायच्या.

"मी खा-खाल्लंय, बाई."

"खोटारड्या! बस खाली. आज मी वाढते."