डोक्यावर पट्टे होते का?

सदाच्या मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा मी विठ्ठलवाडी डेपोसमोर केळी घेत होतो. "सदा गेला. कोंडेश्वरच्या चढावर दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही." त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, आवडत्या जागी गेला, सोनं झालं. डोंबलाचं सोनं... तो तिथे माझ्यामुळे गेला होता.

सदा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर. चाळिशीत पक्ष्यांच्या नादाला लागला, तोही माझ्याच मागे फिरून. मी मास्तर, त्यामुळे आमच्या रविवारच्या टोळीची नोंदवही माझ्या ताब्यात. पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, नावं मी त्याच्याकडून पाढ्यासारखी घोकून घेतली होती. गावातला पिंगळा, डोक्यावर ठिपके. जंगली पिंगळा, डोक्यापासून पोटापर्यंत बारीक पट्टे. आणि रानपिंगळा, डोकं जवळजवळ कोरं. हा तिसरा आमच्यात कुणीच पाहिला नव्हता. सदा हसायचा, "जंगल काय नि रान काय, एकच की रे!"

एका रविवारी कोंडेश्वरला तो एकटाच उतारावर पुढे गेला आणि परत येऊन त्यानं वहीत लिहिलं, 'रानपिंगळा, एक'. मला वाटलं, नावात घोळ केला नेहमीसारखा. सगळ्यांदेखत लाल पेनानं 'रान' खोडून मी 'जंगली' लिहिलं. तो हळूच म्हणाला, "डोकं कोरं होतं रे." मी म्हणालो, "फिटरनं नटबोल्ट बघावेत. फोटो आण, मग बोल." झडली का नाही माझी जीभ तेव्हा...

पुढे तो टोळीत आलाच नाही. भाच्याचा कॅमेरा घेऊन दर रविवारी एकटा चढायचा. छातीत दुखतं, हे त्यानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

परवा शिरगावला त्याच्या घरी गेलो. सुनंदावहिनींनी कॅमेरा पुढे केला. शेवटचा फोटो. सागाच्या पानांआड बसलेला पिंगळा, पोटावर पट्टे. ते तर दोघांनाही असतात. डोकं पानामागे, शेपटी फांदीमागे. मी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला. काही म्हणता काही कळेना.

"भाऊजी, तोच ना हा?"

मी म्हणालो, "हो वहिनी. तोच."

त्यांनी कॅमेरा परत घेतला. मग म्हणाल्या, "मग तेव्हाच हो म्हणाला असतात तर?"