गाडीच्या तोंडचा धवला

चांगूबायच्या घरात कान तुटलेला एक कप होता. तो मांडणीवर वेगळा, पालथा घातलेला असे, आणि त्यातून चहा पिण्याचा मान गावात एकाच माणसाला होता. नवरा वारला तेव्हा कसल्याशा दाखल्यासाठी बाय त्याच्या दारात गेली होती आणि त्याने तिला असल्याच कपातून चहा दिला होता. पुढे तो गृहस्थ मतं मागायला, पत्रिका द्यायला येत राहिला. बाय आलं घालून, दूध आटवून फक्कड चहा करी आणि त्याच कपात ओतून पुढे ठेवी. "जसा दिला तसाच द्यावा. चमचाभर वर नाय, चमचाभर खाली नाय," असं तिचं म्हणणं. याला ती सूड म्हणत नसे, माप म्हणे.

मी तिचा भाडेकरू. नवीन पनवेलच्या सेक्टरांना खेटून असलेल्या गावात तिचं घर आहे. वर ती एकटी राही आणि खालच्या गाळ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. मला नाव आहे, पण ते तिने कधी घेतलं नाही. गॅलरीतून हाक यायची, "ए वायरवाल्या, जेवलास का?" आणि उत्तराची वाट न बघता ताट खाली यायचं. भाडं थकलं तर मात्र ताट येत नसे.

बाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान तिचा. हळदीला ती धवला गाते, देवांना आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि भोवतीच्या बायका तिची प्रत्येक ओळ जशीच्या तशी झेलतात. एकदा सुरू झालेला धवला मध्येच तोडला तर नवरीला वाईट, म्हणून कुणी तोडत नाही. पुरा धवला आता गावात फक्त तिलाच येत होता. तिला बोलवायचं तर घरच्या माणसांनी नारळ-तांदूळ घेऊन दारात यायचं, हीच रीत. "आमाला पैसा नको. पन देवाला बोलवाचा हाय ना? मंग बोलवनारीला आदी नीट बोलवा," असं ती तोंडावर सांगे.

रमाकांत तिचा सख्खा पुतण्या. त्याने कुणाकडून तरी एक जुनी परदेशी गाडी घेतली होती. आत चामड्याच्या सीटा, लाकडाची पट्टी, सगळीकडे स्पीकर, पण ब्लूटूथ नाही. गाडी चालवताना फोन हातात धरावा लागतो याची त्याला फार लाज वाटे. असल्या गाडीला साधा बाजारी डबा चालत नाही, तिच्या मूळ सिस्टिमशी बोलणारं वेगळं यंत्र मागवावं लागतं. ते मी मागवलं, डिकीत सीडीच्या जागी बसवलं आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर दिव्याशेजारी माइक लपवला. काम झकास झालं होतं, हे मीच सांगतो.

"पयला फोन कोनाला लावू?" रमाकांत म्हणाला. त्याच्या पोरीचं, प्राचीचं लग्न ठरलं होतं. गाडी बायच्या गॅलरीखाली उभी, काचा खाली, आणि त्याने फोन लावला तो वर काकीलाच.

"काकी, शुक्रवारी हलद हाय. धवला तुनाच बोलाचा हाय, ये हां!"

वर बाय फोन कानाला लावून उभी होती. गाडीचं टप तिला दिसत होतं. या प्राचीला तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, आणि तिच्या हळदीचं आवतान गाडीतून आलं होतं. ती एकच शब्द बोलली, "बरा." तो सगळ्या स्पीकरांतून गल्लीभर घुमला. पानवाल्याकडची माणसं हसली. "बघितलंस?" रमाकांत मला म्हणाला. "जिना चढाची पन गरज नाय." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. त्या दिवशी बायने मला जेवायला विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मांडव भरला, प्राची पाटावर बसली, पण बायचा पत्ता नाही. रमाकांतने फोन केला. उत्तर आलं, "ज्या गाडीतून आवतान आला, त्याच गाडीतून धवला येल. गाडी मांडवात घाल." बायका चपापल्या. रमाकांतला मात्र ते आवडलं. पाहुण्यांना आपली सिस्टिम दाखवायची आयती संधी! त्याने गाडी मांडवात घेतली, चारी दारं उघडली, आणि बॅटरी बसू नये म्हणून मला बोलावून घेतलं.

आणि बाय गायला लागली. काय आवाज! गावदेवी आली, खंडोबा आला, मेलेली माणसं आली. माइकला ऐकू जावं म्हणून बायका गाडीत तोंडं घालून एकेक ओळ झेलत होत्या. पोरं फोन काढून सगळं रेकॉर्ड करत होती. मग घरच्यांसाठी मागणं आलं. नवरीला सौभाग्य मागितलं, तिच्या आईला सुख मागितलं, आणि बापाची पाळी आली:

"पाय दे रं देवा रमाकांताला, काकीचा जिना चढाला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पण ओळ झेलायलाच हवी. रमाकांतच्या बायकोने डोळे मिटले आणि ओळ म्हटली. मग बहिणींनी, मग सगळ्या बायकांनी. पुरुषांत हशा फुटला.

रमाकांत नारळ घेऊन काकीच्या घराकडे पळत सुटला. मी मागोमाग गेलो. धवला संपेपर्यंत बायने कडी काढली नाही. मग दार उघडलं.

"आता कशाला आलास? आवाज नवता येत?"

"काकी, चुकलो. चल. पोरीला पयली हलद तरी लाव."

बायच्या तोंडावरून काहीतरी सरकलं. पहिली हळद आपल्या हाताने लावायची, हे ती वर्षभर म्हणत होती. पण माप म्हणजे माप.

"हात न लावता बोलाचा यंतर घेतलंस ना? मंग हलद पन माज्या हाताबिगर लागू दे."

तिने दार लावून घेतलं. आत ती रडली असेल, मला माहीत नाही. ती बरोबर होती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पुढे बाय वारली. तिच्यामागे धवला येणारं कुणी उरलं नाही. ती समोर बसून गायची तेव्हा रेकॉर्ड करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पुरा धवला आहे तो फक्त त्या शुक्रवारचा, गाडीतला. आता गावात कुणाचीही हळद असो, तोच लावतात. बायका भक्तिभावाने एकेक ओळ झेलतात, आणि मागणं आलं की नव्या सुनासुद्धा हात जोडून देवाकडे रमाकांतसाठी पाय मागतात. धवला तोडायचा नसतो. रमाकांत समोर खुर्चीवर बसलेला असतो.