शेटचा नारळ

आमच्या किनाऱ्यावर नारळी पुनवेच्या आधी मासळीचा व्यापारी शेट नारळ घेऊन यायचा. ज्या घराने तो हातात घेतला, त्या घराची येत्या मोसमातली सगळी सुकी मासळी शेटची, तीही त्याच्याच भावाने. कागद नाही, सही नाही. माझ्या आत्याच्या घरी हा नारळ चार वर्षं येत होता. आतोबांनी नायलॉनच्या जाळ्यासाठी त्याच्याकडून उधारीवर सूत आणलं, तेव्हापासून. उधारी पुरी फेडली तरच नारळ नाकारता येई, आणि शेटच्या भावात ती फिटत नव्हती.

त्या पावसाळ्यात मी चिंचणीला आत्याकडे होते. मुंबईच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झाले होते, पुढचं काही ठरलं नव्हतं. मी घरात फारशी बोलत नसे. हा हिशेब मात्र एकदा आत्याला समजावून सांगितला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हंजे मरेपरयंत?"

"हो."

दुसऱ्या दिवशी आतोबा बाहेर गेल्यावर तिने माळ्यावरचे सुके बोंबील खाली काढले. होड्या बंद असताना घर त्यांच्यावरच निभायचं. "शेटचा माल शेटला गेला. हे आमच्या पोटाचे हायेत. बोयसरला इकू, उधारी फेडू."

तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम चालू होतं. परमुलखातले कामगार बोयसरच्या बाजारात रोख पैसे मोजत. शेटला कळलं असतं, तर त्याने पुनवेआधी जाळंच उचलून नेलं असतं. म्हणून टोपलीवर शेवग्याचा पाला पसरून आम्ही एसटीत बसलो.

कंडक्टरने नाक मुरडलं. "मावशी, पाल्याला बोंबलाचा वास कसा?"

"दर्याकाठचा पाला हाय, मास्तर. तिकीट फाडा."

लोक हसले. मी खिडकीबाहेर बघत होते, पण बसमध्ये गावचं कोण कोण आहे ते आधीच बघून ठेवलं होतं.

किरकोळ विकून पुरेसे पैसे जमेनात. मग कोणीतरी कामगारांच्या खाणावळीचा पत्ता दिला. तिथला व्यवस्थापक दक्षिणेकडचा, त्याला इंग्रजीच समजे. आत्याने मला पुढे ढकललं. शाळेत मी कधी हात वर केला नव्हता. आत्याने सांगितलेला भाव कसाबसा बोलले. त्याने निम्मा सांगितला. पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मी जमिनीकडे बघत गप्प उभी राहिले. त्याने भाव वाढवला. मी गप्पच. त्याने आणखी वाढवला.

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "काय बोललीस गं?"

"काहीच नाही."

"मंग असंच बोलत जा."

घरी आम्ही भात आणि चिंचेचं सार खात होतो. आतोबांनी दोनदा विचारलं, "बोंबील कुठं गेले?"

"उंदरांनी खाल्ले," आत्या म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ताट पुढे ओढलं.

पुनवेच्या दोन दिवस आधी शेट आला. आत्या आत पैशांची पुरचुंडी काढत होती. आतोबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. शेटने नारळ पुढे केला आणि आतोबांनी सवयीने तो दोन्ही हातांनी घेतला. नारळाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक. मी दारात उभी होते. मी आत्याला बोलवायला वळले.

आत्या बाहेर आली. तिने आतोबांच्या हातातला नारळ पाहिला आणि पुरचुंडी शेटसमोर ठेवली. "सगळे हायेत. मोजून घ्या."

शेटने पुरचुंडीला हात लावला नाही. "घाई काय आहे, ताई? भाऊंनी नारळ घेतलाय. दिलेला नारळ मी परत नेत नसतो."

शेजारच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. आतोबांनी मान खाली घातली. जाळं त्यांच्या मांडीवर होतं, शेट त्याच्याकडेच बघत होता.

आत्या आत गेली ती कोयता घेऊन आली. आतोबांच्या हातातून नारळ काढून तिने उंबऱ्यावर एका घावात फोडला. पाणी ओट्यावर सांडलं. एक कवड तिने शेटपुढे धरली.

"परत नका नेऊ. परसाद म्हनून खावा."

"अगं, पुनवेआधी! दर्याच्या आधी फोडलास!" आतोबा ओरडले. पुनवेआधी नारळ फोडला तर दर्या कोपतो, असं ते मानत.

 शेटने पैसे दोनदा मोजले, खिशात घातले आणि खोबऱ्याला न शिवता निघाला. "सूत लागेल तेव्हा याल," जाताना एवढंच म्हणाला.

आतोबा आत्याशी बोलेनासे झाले. पुनवेला बाजारातून आणलेला नारळ त्यांनी एकट्याने दर्याला दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी गेली. आत्या दुपारपर्यंत पुळणीवर उभी होती. मी सावलीत चल म्हटलं, तर तिने नकारार्थी मान हलवली. वारा वाढत होता. इतर होड्या आल्या, आमची दिसेना. हे सगळं माझ्या हिशेबाने सुरू झालं होतं, आणि ते तिला सांगायचं माझं धाडस होत नव्हतं.

ऊन कलल्यावर होडी लागली. आतोबा गुडघाभर पाण्यातून टोपली घेऊन आले आणि त्यांनी ती आत्याच्या पायाशी ठेवली. ओले बोंबील होते.

"चूल पेटव," ते म्हणाले. "आनि उंदरांपासून सांबाळ."