खोदणार सटवा

"तू रंगाला हात लावू नको. तू घास. तुमच्या लोकांच्या हाताला सवय असती."

अण्णा हे हसत म्हणाले. आमच्या गावचे बडे बागायतदार. निपाणीजवळच्या आमच्या याच गावात माझ्याच कॉलेजचं शिबिर लागलं होतं. विहिरीवरचा झिजलेला दगड घासायचा, कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचा, एवढंच काम. विहीर अण्णांच्या पणजोबांची, रंगही अण्णांचा. कॉलेजचा फळा रोज मी लिहिते, माझं अक्षर सरांना माहीत आहे. सर चप्पल बघत उभे राहिले. कुंचला दुसरीला गेला, मला काथ्या.

राग आला. पण त्याहून जास्त वीट आला. किती वेळा तेच.

घासत खाली गेले. दगडाचा पाय मातीत गाडलेला होता, तोही उकरला. तिथं आणखी एक ओळ निघाली. 'खोदणार सटवा.'

सटवा म्हणजे माझ्या वडिलांचा, आप्पांचा पणजा. आप्पा सांगतात, पाणी लागलं तेव्हा तळाशी तोच होता, पहिली ओंजळ तोच प्याला. मग विहीर बाटली म्हणून शुद्धी केली. पुढं आमच्या घरातलं कुणी त्या पायऱ्या उतरलं नाही. आप्पांच्या बोलण्यातलं नाव मी पहिल्यांदाच लिहिलेलं बघत होते. बोट फिरवलं तर 'ट'मधली माती ओली होती.

मी सरांना हाक मारली. सरांच्या आधी अण्णा आले. वाचलं. दगडाभोवती सिमेंटचा कट्टा घालायचा होता, माल कालवून तयार होता.

"जाऊ दे ती कट्ट्याखाली. कोण वाचतंय तिथं वाकून."

सर म्हणाले, बरोबर आहे, दिसायलाही नीट दिसेल.

याच अण्णांनी सकाळी आम्हाला भाषण दिलं होतं. सीमाभागात मराठीचं एक अक्षर पुसू देणार नाही, म्हणाले होते. मराठी पाटीला कुणी डांबर फासलं की गाव बंद करायला हेच पुढं. आम्हीही गेलोय त्यांच्या मागून, घोषणा देत.

मी ओळीपुढं पाय पसरून बसले.

"अण्णा, ही ओळ बी मराठीच हाय."

मैत्रिणी हातातल्या रंगाच्या डब्याकडं बघत होत्या. एक जण तरी शेजारी बसेल असं वाटलं होतं. कुणी बसलं नाही. माल घमेल्यातच घट्ट झाला. संध्याकाळी सगळे बसमध्ये चढले, मी चालत घरी गेले.

कट्टा अजून झालेला नाही. वरच्या ओळी काळ्याभोर चमकतात. खालच्या ओळीवर कुणीतरी माती ओढतं. सुट्टीच्या दिवशी मी जाते, उपसते. परत गेले की परत माती. आप्पा म्हणतात, सोड गं, किती दिवस करणार. खरंच दमते मी. कंबर दुखते, बघणारे हसतात.

पण अण्णा बरोबर बोलले होते. आमच्या हाताला सवय आहे. ते बुजवत राहतील तेवढे दिवस मी उपसणार.