आमच्या साडूंचा पुकारा

साताऱ्याच्या कोर्टात आमच्या साडूंइतका चांगला बोलणारा आणि त्यांच्याइतके कमी खटले चालवणारा वकील आजवर झाला नाही. मी पाटबंधारे खात्यात पावसाच्या नोंदी ठेवत असे, त्यामुळे ‘आजवर’ असा शब्द मी सहजासहजी वापरत नाही. पण बाररूममधल्या तीन जुन्या वकिलांना वेगवेगळं गाठून मी याची खात्री करून घेतली होती. तिघांचंही म्हणणं एकच पडलं. साडूंना खटला लढवण्यापेक्षा कायदा समजावून सांगण्याचा नाद होता, आणि ते त्यांना इतकं उत्तम जमे की एकदा समजलं की पक्षकाराला कोर्टात जायची गरजच उरत नसे. उंब्रजचे दोन चुलतभाऊ बांधावरून भांडत त्यांच्याकडे आले. खरं तर पक्षकार थोरला होता, धाकटा नुसता काय चाललंय ते ऐकायला आला होता. साडूंनी पाऊण तास टेबलावर पानसुपारीची डबी, चष्मा आणि दौत मांडून दोघांची रानं दाखवली. शेवटी धाकटा म्हणाला, “आरं, मग चूक आपल्या दोघांचीबी हाय की रं!” दोघं उठले आणि समोरच्या हॉटेलात एकत्र चहा प्यायला गेले. जाताना साडूंनाही बोलावलं. साडू गेले, आणि चहा पिताना त्यांनी वाटणीचा कायदाही सांगितला.

घरात मात्र ते पक्के वकील. माझी मेव्हणी ताटात आमटी वाढून “मीठ बरोबर आहे हं” असं म्हणाली की ते विचारत, “हे स्वतः चाखून सांगताय की ऐकीव माहितीवर?” स्वयंपाकघराच्या कौलातून पाणी गळायचं. ते दुरुस्त करण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि प्रत्येक रविवारी ते पुढची तारीख घेत. मी मोजलं होतं, अकरा तारखा झाल्या. बाराव्या रविवारी पावसाने एकतर्फी निकाल दिला आणि दोन कौलं खाली आली. तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, “साडूबुवा, अपिलाला जागा आहे.”

काळा कोट ते एप्रिलातही काढत नसत. कराडच्या स्टेशनवर त्या कोटामुळे लोक त्यांना तिकीट तपासनीस समजून तिकिटं दाखवायचे. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. साडू तिकीट घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि “ठीक आहे” म्हणून परत द्यायचे. एकदा एक बिनतिकिटाचा माणूस घाबरून त्यांच्यासमोर उभा राहिला, तर त्याला बाकावर बसवून त्यांनी त्याचे हक्क समजावले. तेवढ्यात खरा तपासनीस आला, आणि साडूंनी त्या माणसाच्या वतीने जोरदार युक्तिवाद केला. गाडी चुकली ती साडूंची.

या सगळ्याचं दुःख एकाच माणसाला होतं, ते म्हणजे साडूंचे वडील. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. आबा सांगलीच्या कोर्टात एकतीस वर्षं पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. त्यांचा पुकारा इतका खणखणीत की रस्त्यापलीकडच्या झाडाखाली झोपलेला साक्षीदारही धडपडून उठे. जन्मभर दाराबाहेर काढलेल्या या माणसाची एकच इच्छा होती, आपला मुलगा दाराच्या आत उभा राहावा. मुलगा वकील झाला तेव्हा त्याला साताऱ्याला त्यांनीच धाडलं. म्हणाले, “मी भायेर वरडायचं आन तू आत बोलायचं, हे एका कोर्टात बरं न्हाई दिसत.”

आणि त्या मुलाने कोर्ट सोडलं. झालं असं, की उंब्रजजवळ एका मोटारीचा बैलगाडीला धक्का लागला. साडू त्याच वेळी एसटीतून उतरले आणि रस्त्यातच दोन्ही बाजूंना कायदा सांगू लागले. चाळीसेक माणसं उन्हात उभी राहून ऐकत होती. मोटारीतले गृहस्थ मुंबईच्या टेलिव्हिजनमधले निघाले. तीन महिन्यांत साडू दर गुरुवारी संध्याकाळी लोकांना कायद्याचा सल्ला देणारा कार्यक्रम सादर करू लागले. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागताच ते सवयीने उठून उभे राहिले, आणि पहिलं मिनिटभर मुंबईकरांना फक्त त्यांच्या कोटाची तीन बटणं दिसली. हे त्यांनी स्वतःच मला हसत सांगितलं.

आबा मात्र हसले नाहीत. “समोर न्यायाधीश न्हाई, आरोपी न्हाई. खोक्यात बसून एकटाच बोलतोय. ह्येला काय म्हनायचं?” असं म्हणून त्यांनी मुलाच्या पत्रांना उत्तर देणं बंद केलं. अखेर साडूंचं मला पत्र आलं. “साडूबुवा, आबांना एकदा कार्यक्रम दाखवा. पाहूनही ते नको म्हणाले, तर मी साताऱ्याला परत येऊन कोर्टात उभा राहीन.” माझी बायको पत्र वाचून म्हणाली, “अहो, ताईने तिकडे नुकतं कुठे घर लावलंय. काय होईल ते नीट होऊ दे.”

सांगलीला तेव्हा चित्र दिसत नसे. साताऱ्यात किल्ल्याच्या बाजूला, उंचावर राहणाऱ्या एका कापड दुकानदाराने टेलिव्हिजन घेतला होता. छत्तीस फुटी बांबूवर एरिअल बांधलं की त्यावर पुण्याकडून येणारं चित्र दिसे, हवेची मर्जी असेल तर. मी दुकानदाराला आधी सांगून ठेवलं आणि आबांना एसटीने आणलं. सोप्यात वीसेक माणसं जमली होती. आबांना खुर्ची दिली.

पडद्यावर चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या. आवाज मात्र नीट होता. निवेदिकेने कार्यक्रमाचं नाव घेतलं, मग साडूंचं नाव आणि आडनाव घेतलं. आबा ताठ झाले.

“बाईनं बापाचं नाव न्हाई घेतलं.”

“आबा, तिथं तशी पद्धत असेल.”

“पद्धत? आन त्याच नावाचा दुसराच कुनी आत शिरला तर? असा अर्धा पुकारा मी एकतीस वर्सांत केला न्हाई.”

आणि ते उठले, दारात गेले, तोंडाशी हात धरला आणि मुलाचं पूर्ण नाव, मधलं स्वतःचं नाव धरून, तीनदा पुकारलं. “हाजीर होऽऽ!” खालच्या आळीतल्या बायका खिडक्यांतून बघू लागल्या. लोक हसले. एक जण म्हणाला, “आवं आबा, त्ये मुंबईत हायेत, ऐकू जायाचं न्हाई.” पण तिसऱ्या पुकाऱ्याला पडद्यावरच्या मुंग्या पांगल्या आणि काळ्या कोटातले साडू स्वच्छ दिसू लागले. हसणारे पडद्याकडे वळले. दुकानदाराने वर गच्चीत बांबू साधारण दहा अंश फिरवला होता, हे मला माहीत आहे. पण त्या वेळी मी ते कुणाला सांगितलं नाही.

साडू बांधाचा कायदा सांगत होते. समोर डबी, चष्मा आणि दौत. आबा खुर्चीकडे परत गेलेच नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि सगळा कार्यक्रम त्यांनी तसाच उभ्याने पाहिला. मागून कुणी “बसा की” म्हटलं तर मान हलवून नको म्हणाले.

संपल्यावर मी विचारलं, “मग? काय कळवू?”

त्यांनी दाराची चौकट सोडली. मग म्हणाले, “लय झ्याक बोलतो. वकिलांचं बोलनं म्या भायेरून आयकल्यालं, पर उभं राहून तोंड बगत कवा आयकलं न्हवतं.” आणि त्यांनी निकाल दिला. “तिथंच ऱ्हा म्हनावं. पर पुकारा पुरा झाला पायजे.”

मी ते शब्दशः लिहून पाठवलं. साडूंनी मुंबईत तीन आठवडे भांडून, माझ्या माहितीत त्यांनी लढवलेला हा सर्वांत लांब खटला, निवेदिकेला वडिलांचं नाव घ्यायला लावलं. पुढच्या गुरुवारी मी दुकानदाराकडे जाऊन स्वतः ऐकलं आणि आबांना कार्ड टाकलं.

आबा पुन्हा साताऱ्याला आले नाहीत. गुडघे दुखू लागले होते, आणि सांगलीला चित्र दिसायला अजून वर्षं होती. पुढे एका गुरुवारी मी बायकोच्या माहेरी, सांगलीजवळच्या माधवनगरला गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी आबांकडे डोकावलो. सून मुंबईत, मुलगा मुंबईत. चहा त्यांनी स्वतःच केला. बोलता बोलता कप खाली ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ताठ बसले. बाहेर एक टांगा गेला.

“झाला असंल आता पुकारा,” ते म्हणाले, आणि कप उचलला.

त्यांचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. मी माझं मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं आणि चहा प्यायलो.