पाण्याखालून ऐकलेला बँड

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या उजुंगबरुंगमध्ये लग्न असलं की मांडवात तेह इमास असायचीच. खांद्यावर कॅमेरा, पायात रबरी चपला, डोक्यावरचा स्कार्फ कायम एका बाजूला सरकलेला. नवरीपेक्षा नवरीच्या मागे उभ्या असलेल्या एखाद्या मावशीचा चेहराच ती जास्त वेळ टिपायची. लोक कुरकुरायचे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तिलाच बोलवायचे. तेह म्हणजे ताई. लहानथोर सगळेच तिला तेह म्हणत.

आमच्या बँडकडे ती आली ती चुकून. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. कॅमेरेवाला आयत्या वेळी आजारी पडला आणि त्याने आपल्या जागी तिला धाडलं. समोर काळ्या टी-शर्टमधली पोरं आमच्या दणदणाटावर नाचत एकमेकांवर आदळत होती. त्यात एक जण खाली पडला. लगेच आजूबाजूच्यांनी हातांचं कडं केलं, त्याला उचललं, झटकलं, त्याची निसटलेली चप्पल डोक्यांवरून हातोहात त्याच्यापर्यंत पोचवली आणि पुन्हा धुमाकूळ सुरू झाला.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्यापाशी आली. मी बेस गिटार वाजवतो.

"जाजांग, ती चप्पल पाहिलीस?"

"कुठली चप्पल, तेह?"

"जाऊ दे. मी तुमच्यावर सिनेमा करणारे."

आम्ही हसलो. पण ती खरंच येऊ लागली. एखादं लग्न आटोपलं की आमच्या शेडमध्ये हजर. आमच्या बँडचं नाव बातू आपुंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारा दगड. दुपारची नमाज झाली की आम्ही वाजवायला घ्यायचो. शेड आमच्या गायकाच्या, ओडिंगच्या घरामागे होती, माशांच्या तळ्याला लागून. ओडिंगने धार्मिक शाळा अर्धवट सोडली तेव्हापासून त्याचं आणि त्याच्या वडिलांचं, आबा ओमोंचं, बोलणं बंद होतं. शेड आम्हाला मिळाली ती त्याच्या आईमुळे.

कधीकधी डोंगरावरचं धुकं उतरून थेट शेडमध्ये शिरायचं. ड्रम दिसेनासे व्हायचे, नुसत्या काठ्या वरखाली होताना दिसायच्या. ओडिंग डोळे मिटून किंचाळायचा आणि त्याच्या तोंडासमोरचं धुकं थरथरायचं. तेह इमास कोपऱ्यात उकिडवी बसून ते टिपत राहायची. तिला चहा दिला तर तो तसाच गार होऊन जायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. आमची लग्नं झाली, त्यांचं चित्रणही तिनेच केलं.

मग एकदा तिने सगळं जोडायला घेतलं आणि हादरली. तिचा माइक लग्नातल्या गाण्यांपुरता होता. आमचा दणका त्याला पेलला नव्हता. प्रत्येक गाण्याच्या जागी नुसती फाटकी खरखर होती.

ओडिंग भडकला. "इतकी वर्षं काय टिपत होतीस, तेह? मुकं चित्र?"

"रागावू नकोस रे. काहीतरी करते."

"काय करणार? गेलेला आवाज परत आणणार?"

ती बाहेर गेली आणि तळ्याच्या काठावर बसली. आत आम्ही रागारागाने वाजवायला लागलो होतो. तिने पाय पाण्यात सोडले. मला तिने नंतर सांगितलं, "बेसचा सूर आधी पोटऱ्यांना लागला, मग कानाला."

दुसऱ्या दिवशी ती लग्नाच्या सजावटीतला एक फुगा घेऊन आली. माइक फुग्यात घातला, तोंड दोऱ्याने आवळलं आणि पाण्यात सोडला. त्यानंतर ती शेडमध्ये फारशी आलीच नाही. शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन आमच्या ड्रमबरोबर किणकिणणारे चमचे तिने टिपले. भाताच्या खाचरांपलीकडे उभं राहून, वाऱ्यावर येईल तेवढंच गाणं घेतलं. भिंतीपलीकडे ओडिंगची बायको बाळाला झोपवत होती, बापाच्या किंचाळण्याच्या तालावर थोपटत; तेही तिने टिपलं.

सिनेमा त्याच बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, जाळीला पांढरी चादर बांधून दाखवला. पोरं खच्चून भरली होती. गोंगाटाची वाट पाहत होती आणि ऐकू येत होता तो पाण्याखालून येणारा, मऊ, कुठल्या तरी पोटातून यावा तसा आमचा आवाज. हॉल चिडीचूप. ओडिंग माझ्या शेजारी हाताची घडी घालून, ओठ आवळून बसला होता.

आणि पडद्यावर आबा ओमो आले. तळ्याकाठी, मांडीवर खाद्याची टोपली.

कॅमेऱ्यामागून तेह इमासचा आवाज आला, "आबा, रोज याच वेळेला खायला घालता?"

"पोरं वाजवायला लागली की मासे वर येतात. सवय झालीय त्यांना."

"सकाळी नाही घालत?"

"सकाळी घालून काय करू? सकाळी कुठे वाजवतात?"

मासे तोंडं उघडून वर आले. आबा एकेक मूठ टाकत होते. मान हलकेच हलत होती, आमच्याच तालावर.

ओडिंगच्या हाताची घडी सुटली. सिनेमा संपल्यावर तो तेह इमाससमोर गेला, तिचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला आणि निघून गेला.

पुढे एका महोत्सवाने 'आवाज नीट नाही' म्हणून सिनेमा परत पाठवला. तेह इमास पोट धरून हसली आणि एका लग्नाला निघून गेली.

त्यानंतर आम्ही शेडमध्ये जमलो तेव्हा ओडिंगने तळ्याकडच्या भिंतीचा पत्रा काढून बाजूला ठेवला. ऊन आणि पाण्याचा वास आत आला. आबा काठावर बसलेच होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोन गाणी वाजवून थांबलो.

"अरे," पाण्याकडे बघतच आबा ओरडले, "एवढ्यात का थांबलास? अजून अर्धी टोपली शिल्लक आहे."

ओडिंग काढलेल्या पत्र्याच्या जागी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "वाजवतो, आबा."

संध्याकाळी मी तेह इमासला हे सांगायला गेलो. ती भजी तळत होती. "आणि माझा कॅमेरा तिथे नव्हता," ती म्हणाली. जराशी हळहळली, मग झारा कढईवर झटकला. "बरंच झालं. बस, गरम आहेत तोवर खा."